ज्वाळा बघून जेवायला जाऊ नये

शिकागोच्या ग्रीकटाउनमध्ये जेवायला जायचं ठरलं की आपल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले. "ते चीज पेटवून देतात ना, ते कुठे चांगलं मिळतं?" आणि "स्टार किती आहेत?" या दोन प्रश्नांवर हॉल्स्टेड स्ट्रीटवरचं हॉटेल निवडणं मला साफ चुकीचं वाटतं. का, ते सांगतो.

ते पेटवलेलं चीज म्हणजे सागानाकी. हे मुळात दोन कानांच्या छोट्या तव्याचं नाव. ग्रीसमध्ये त्यात चीज तळतात, वर लिंबू पिळतात, झालं. त्यावर ब्रँडी ओतून पेटवायचं आणि वेटरने "ओपा!" म्हणून ओरडायचं, ही कल्पना शिकागोची. तिचं श्रेय सहसा हॉल्स्टेडवरच्या 'द पार्थेनॉन'ला देतात. ते १९६८ साली सुरू झालं आणि २०१६ मध्ये बंद पडलं. शिकागोची गंमत म्हणून ज्वाळा जरूर बघा. पण ब्रँडी कुणालाही पेटवता येते हो! आत स्वयंपाकघरात काय शिजतंय ते त्यावरून कसं कळणार?

गायरोचंही तसंच. अमेरिकेत उभ्या सळईवर फिरणारा तो मांसाचा शंकू बहुतेक ठिकाणी कारखान्यातून तयार येतो. हा धंदा १९७०च्या दशकात शिकागोतच फोफावला. तेच गायरो घराजवळच्या कोपऱ्यावर मिळत असेल, तर पार्किंग शोधत एवढ्या लांब कशाला यायचं?

आणि स्टार? फोटो छान आला म्हणूनही पाच मिळतात, टेबल उशिरा मिळालं म्हणून एक. जेवणाचं काय?

आता कुणी म्हणेल, म्हणजे अस्सल, शुद्ध ग्रीक शोधायचं का? अजिबात नाही. असलं सोवळं मला नको. मूसाकावरचा पांढऱ्या सॉसचा थर रूढ केला तो निकोलाओस त्सेलेमेंतेस या शेफने, विसाव्या शतकात, फ्रेंच वळणावर. डोल्मा हा शब्दच तुर्की. शुद्ध असं काही नसतंच.

माझा प्रश्न एकच असतो, आणि तो आपण खानावळीत वर्षानुवर्षं विचारत आलोय: आज काय केलंय? ग्रीकांमध्ये सकाळी शिजवून ठेवलेल्या, दुपारपर्यंत मुरलेल्या पदार्थांचा एक मोठा वर्ग आहे, मायिरेफ्ता. ते ऑर्डरनंतर दहा मिनिटांत होत नाहीत. जिथे वेटर या प्रश्नाला चटकन दोन-तीन नावं सांगतो, तिथे बसा. जिथे तो मेनूकार्डाकडे बोट दाखवतो, तिथून उठा.

"आम्ही शाकाहारी, आम्हाला सॅलडच" ही तक्रारही आता पुरे. ऑर्थोडॉक्स चर्चचे सगळे उपास धरले तर वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य! त्या दिवसांसाठी या लोकांनी अख्खा स्वयंपाक उभा केलाय. टोमॅटोत भाजलेले टपोरे पांढरे घेवड्याचे दाणे, ऑलिव्ह तेलात मऊ शिजवलेली फरसबी, टोमॅटोतली भेंडी. आणि फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा. हे सोडून आपण चीज जळताना बघत टाळ्या वाजवतो.

"एवढं काय त्यात? मुलांना मजा वाटते." वाटू दे की. पण जरा इतिहास बघा. शिकागोची मूळ ग्रीक वस्ती, जिला डेल्टा म्हणत, आधी एक्सप्रेसवेने आणि मग १९६५ साली उघडलेल्या विद्यापीठाच्या कँपसने मोडली. घरं गेली, माणसं पांगली. हॉल्स्टेडवर उरली ती मुख्यतः हॉटेलं, आणि ती चालतात तुमच्याआमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांवर. आपण जे मागू तेच तिथे शिजणार. सगळ्यांनी ज्वाळाच मागितल्या तर भेंडीचा ट्रे कुठला मालक कुणासाठी लावेल? लावला तर संध्याकाळी फेकायचा.

तेव्हा पुढच्या वेळी स्टार मोजू नका. आत जा आणि विचारा, आज काय केलंय?