चिमणी आधी पडली, विमान मागाहून आले



सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. उंची नव्वद मीटरच्या घरात. होटगी रस्त्यावरील विमानतळावर विमान उतरण्याच्या वाटेत ती येते, हे त्यामागचे कारण. स्फोटके लावली आणि पाहता पाहता ती जमीनदोस्त झाली. वृत्तपत्रांतून फोटो आले, दोन दिवस चर्चा झाली आणि लोक आपापल्या कामाला लागले.

तुम्ही म्हणाल, ऊस विकास खात्याच्या माणसाने बेण्याचे बोलावे, पाचटाचे बोलावे, हुमणीचे बोलावे. विमानाची उठाठेव ह्यांना कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु ती चिमणी सभासदांच्या शेअरच्या पैशातून आणि उसाच्या बिलातून उभी राहिली होती. आणि विमानतळाचा विषय मावळ, मुळशी, खेड, हवेली ह्या आपल्या भागाच्या दाराशी कित्येक वर्षे घुटमळतो आहे. शेजारच्या शेतात लागलेली कीड आपल्या बांधावर येण्याआधी ओळखावी, एवढाच आमचा हेतू.

प्रथम त्या प्रकरणाची बाजू दोन्हीकडून समजून घेऊ. विमान आकाशातून एकदम खाली उतरत नाही. ते लांबून, अगदी कमी उताराने येते. एका किलोमीटरला साधारण पन्नास मीटर एवढेच उतरते. म्हणजे धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर असताना ते जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर असते. त्या वाटेत नव्वद मीटरची चिमणी असेल तर वैमानिकाला आणि त्याच्या मागे बसलेल्या माणसांना धोका, हे कोणीही शहाणा माणूस मान्य करील. शिवाय त्या चिमणीला लागणारी परवानगी नव्हती, असे ठरून महापालिकेने ती पाडली. कोर्टकचेऱ्या सगळ्या झाल्या होत्या. तेव्हा नुसते ‘अन्याय झाला’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही आहे. कारखाना तेथे पन्नासच्या आसपास वर्षे उभा. सोलापूरसाठी बोरामणी येथे नवा मोठा विमानतळ करावयाचा म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी त्यापूर्वीच घेतलेल्या. तेथे वनखात्याच्या थोड्याशा जमिनीपाशी गाडे अडून राहिले. ते गाडे हलेना म्हणून सगळा भार जुन्या होटगी रस्त्याच्या विमानतळावर आणि पर्यायाने चिमणीवर आला. शहरातील मंडळींनी विमानसेवेसाठी उपोषणे केली, ऊस उत्पादकांनी चिमणी वाचविण्यासाठी मोर्चे काढले. एकाच जिल्ह्याची माणसे समोरासमोर उभी राहिली. ‘ऊसवाले विरुद्ध विमानवाले’ अशी विभागणी झाली.

ही विभागणीच आम्हांस खोटी वाटते. आज ऊसवाल्याच्या घरातच विमानाने जाणारा माणूस आहे. कोणाचा मुलगा बंगळूरला नोकरीस, कोणाची लेक-जावई परदेशी, कोणाचा भाचा चाकणला लहानसा वर्कशॉप चालवतो आणि ऑर्डरसाठी दिल्लीला जातो. पवन मावळात आणि तळेगावच्या बाजूस पॉलिहाऊसमध्ये गुलाब करणारे शेतकरी आहेत. त्यांचे फूल फेब्रुवारीत परदेशी जाते ते विमानानेच. विमान नको, असे म्हणणारा शेतकरी आम्हांस तरी भेटला नाही. तो एवढेच विचारतो, ‘आमचे काय जाणार ते कळले, येणार काय आणि कधी, ते सांगा.’

आता पुढचा हिशेब पाहा. चिमणी पडली जून २०२३ मध्ये. विमानतळाचे उद्घाटन झाले २९ सप्टेंबर २०२४ रोजी, तेही पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीने. उद्घाटन झाले तरी प्रवासी विमान आले नाही. गोव्याला जाणारे पहिले विमान सुटले ९ जून २०२५ रोजी. मुंबईचे विमान सुरू झाले ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे चिमणी पडायला एक दिवस पुरला, विमान यायला सहा दिवस कमी दोन वर्षे लागली. मधल्या काळात दोन गळीत हंगाम येऊन गेले. चिमणी हीच एकमेव अडचण असती, तर विमान दुसऱ्या महिन्यात यायला हवे होते. ते आले नाही, कारण धावपट्टीची दुरुस्ती, कुंपण, परवाने, कंपनी शोधणे ही कामे शिल्लक होती. ती कामे आधी पुरी करून शेवटी चिमणीला हात घातला असता, तर काय बिघडले असते? निदान सभासदाला समजले असते की आपला त्याग कोणत्या तारखेला कोणाच्या कामी आला.

लहान विमानतळाचे दुखणे कारखान्याच्या माणसाला चटकन कळण्यासारखे आहे. मिल उभी केली, बॉयलर बसवला, म्हणजे कारखाना चालला असे होत नाही. रोज पुरेसा ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. तोडणीचा प्रोग्रॅम लागला पाहिजे, टोळ्या आल्या पाहिजेत, वाहने वेळेवर आली पाहिजेत. नाहीतर मिल बंद पडते आणि खर्च मात्र चालूच राहतो. विमानतळाचे तसेच. धावपट्टी म्हणजे मिल, प्रवासी म्हणजे ऊस. लहान गावी येणारे विमान सत्तरएक आसनांचे असते. वैमानिक, इंधन, दुरुस्ती, विमानाचे भाडे हा खर्च त्या सत्तर माणसांवर पडतो, म्हणून तिकीट महाग. तिकीट महाग म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी. फेऱ्या कमी म्हणून सोयीची वेळ मिळत नाही आणि आणखी प्रवासी जातात. हे रहाट एकदा उलटे फिरू लागले की थांबत नाही.

त्यात स्पर्धा आहे. मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. ती साडेसहा तासांच्या आसपास पोहोचवते आणि थेट शहरात उतरवते. ज्याला वेळेची खात्री हवी तो गाडीकडे वळतो.

हे दुखणे ओळखून केंद्र सरकारने २०१६ साली ‘उडान’ योजना आणली. तासाभराच्या प्रवासाला काही आसनांसाठी अडीच हजार रुपयांचे तिकीट आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यावयाची, असा तिचा साधा अर्थ. हेतू उत्तम. पण महालेखापरीक्षकांनी २०२३ साली जो अहवाल दिला तो वाचण्यासारखा आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतले ११२ च तीन वर्षांची मुदत पुरी करू शकले. आणि त्यानंतर स्वतःच्या पायावर, मार्च २०२३ पर्यंत, टिकून राहिले ते फक्त ५४.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर लागण झाली, खोडवा फुटलाच नाही. अनुदानाचे पाणी होते तोवर पीक हिरवे दिसले. पाणी तोडले तशी मुळे उघडी पडली. आपल्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या थाटात सुरू झाला. तेथून मुंबईला जाणारी अनुदानाची सेवा तीन वर्षांनी, २०२४ च्या ऑक्टोबरात बंद पडली. कोकणी माणसाने जमीन दिली ती कायमची. विमान मिळाले ते मुदतीचे.

प्रवाशाचे हाल निराळेच. मोठ्या विमानतळावर एक विमान रद्द झाले तर दोन तासांनी दुसरे मिळते. लहान गावी दिवसाला एक, कधी आठवड्यातून चार-पाच फेऱ्या. धुके पडले, पावसाने दिसेनासे झाले, विमानात बिघाड झाला की सगळेच अडकले. नियम सांगतो की विमान रद्द झाल्यास पैसे परत द्यावेत किंवा दुसऱ्या विमानाची सोय करावी. पण दुसरे विमानच नसेल तर सोय कसली? पैसे परत मिळतात आणि माणूस रात्री टॅक्सी करून अडीचशे किलोमीटर पुण्याला निघतो. ज्याची मुलाखत हुकली, ज्याचे रुग्णालयातील ऑपरेशन पुढे गेले, त्याला परत मिळालेल्या पैशाचे काय कौतुक? यार्डात ऊस वाळत पडला की वजन घटते, उतारा घटतो. भरपाई कोणी देत नाही. त्यातलाच हा प्रकार.

आता आपल्याकडे वळू. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. नवी टर्मिनल इमारत जुलै २०२४ पासून वापरात आली, ती चांगली झाली. पण धावपट्टी तीच, एकच, आणि हवाई दलाबरोबर वाटून घेतलेली. २०२१ च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ तारखेपर्यंत सगळी विमाने बंद होती. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा एवढा पसारा, पण चौदा दिवस विमानासाठी मुंबई गाठावी लागली. म्हणून नवा विमानतळ हवा, ही मागणी खोटी नाही.

ती मागणी आधी चाकणच्या नावाने झाली, मग खेड तालुक्यात जागा पाहिल्या गेल्या. गावोगाव मोजणीची आवई उठली, विरोध झाला, काहींनी जमिनी विकल्या, काहींनी विहीर खोदायचे थांबवले. डोंगर, चढउतार ह्या कारणांनी ती जागा मागे पडली आणि २०१६ मध्ये पुरंदरचे नाव ठरले. तेथील सात गावे तेव्हापासून टांगणीला लागलेली आहेत. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोन मोजणीच्या वेळी काय रणकंदन झाले ते आपण पाहिले. खेडच्या शेतकऱ्याला सुटल्यासारखे वाटले असेल. पण ज्या बांधावर दहा-पंधरा वर्षे ‘आज जमीन जाईल, उद्या जाईल’ अशी टांगती तलवार असते, तेथे ठिबक कोण बसवतो आणि शेणखत कोण घालतो? ऊस विकासाच्या कामात आम्हांस हे रोज जाणवते. अनिश्चित जमिनीत सुधारित बेणे जात नाही. हे नुकसान कोणत्याही संपादनाच्या हिशेबात धरले जात नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे.

पहिली गोष्ट आपली स्वतःची. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे विमानतळाच्या वीस किलोमीटरच्या आत उंच बांधकामाला ना-हरकत लागते. लोहगावच्या जवळची आळंदी, चऱ्होली, दिघी, मोशी ही गावे ह्यात येतात. चिमणी असो, मोबाईलचा टॉवर असो, की मुलाने काढलेली सात मजल्यांची इमारत असो. कागद आधी, पाया नंतर. सोलापूरची चिमणी ह्या क्रमात चुकली म्हणून तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचे तोंड बंद झाले.

दुसरी गोष्ट सरकारची. जे पाडायचे किंवा घ्यायचे ते सर्वांत शेवटी. पर्यायी जागा, पर्यायी यंत्रणा, मोबदला, सेवा देणारी कंपनी आणि विमान सुटण्याची तारीख हे कागदावर आल्याखेरीज कोणाच्या चिमणीला वा बांधाला हात लागू नये. आणि जागा नको असेल तर ‘नको’ हेही लेखी, मुदतीत सांगावे.

तिसरी गोष्ट सेवेची. तीन वर्षांच्या अनुदानावर विमानतळ उभा राहत नाही. सोलापूर-मुंबई मार्गाची तूट भरण्याचे राज्य सरकारने २०२५ साली ठरवले, हे योग्यच. पण त्याबरोबर सकाळी जाऊन रात्री परत येता येईल अशी वेळ, रात्री उतरण्याची सोय आणि विमान रद्द झाल्यास त्याच दिवशी प्रवाशाला पोहोचवणारी बस किंवा रेल्वेची राखीव जागा, ह्या अटी करारातच घातल्या पाहिजेत. उसाच्या नोंदीला तोडणीची तारीख असते, तशी विमानालाही असावी.

आणि शेवटची गोष्ट ग्रामसभेची. उद्या तुमच्या गावात मोजणीची माणसे आली तर हाणामारीने किंवा हारतुऱ्याने सुरुवात करू नका. तलाठ्याकडून गटनंबर असलेला नकाशा मागा. किती एकर, कशासाठी, पाणी कोणाचे तुटणार, विहीर-पाईपलाईनचे काय, आणि पहिले विमान कोणत्या वर्षी, हे प्रश्न ठरावात लिहून द्या. उत्तर लेखी मागा. एकट्याने विचारलेला प्रश्न फायलीत पडतो; ठरावाने विचारलेल्या प्रश्नाला जावक क्रमांक मिळतो. सहकाराने आपल्याला दुसरे काही नाही तरी एवढे शिकवले आहे.

विमान येवो. आपल्या मुलाबाळांना त्यात बसायचे आहे आणि आपल्या गुलाबालाही. फक्त क्रम सुटू नये. रान तयार नसता कोणी बेणे तोडून बांधावर टाकत नाही. ते वाळते आणि हंगामही हातचा जातो.

आपला,
ऊस विकास अधिकारी