एक्स्पॅट साहेबाला कोणता भारत दाखवला जातो?

१९९१ साली खाउजाचे धोरण आले. त्याच्या पाठोपाठ परदेशी कंपन्या आल्या आणि कंपन्यांबरोबर त्यांचे साहेब आले. पुण्याच्या कोरेगाव पार्कात, मुंबईच्या वांद्र्यात आणि पवईत, बंगळुरूच्या व्हाइटफिल्डमध्ये, दिल्लीजवळच्या गुडगावात हे साहेब बायकामुलांसह दोन-चार वर्षे राहतात, काम करतात आणि परत जातात. इंग्रजीत त्यांना 'एक्स्पॅट' असा खास शब्द आहे. घर सोडून पोटासाठी परमुलखात आलेला माणूस, इतकाच त्याचा अर्थ. पण चाकणच्या ज्या मोटार कारखान्यात जर्मन अभियंता येतो, त्याच कारखान्यात लातूर-नांदेडहून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी पोरगाही घर सोडूनच आलेला असतो. त्याला कोणी एक्स्पॅट म्हणत नाही. तो 'लेबर'. आमचा माणूस आखातात गेला तरी तिथेही 'लेबर'च. शब्दांतसुद्धा वर्ण असतो तो असा!

आमचे या साहेबांशी वैर नाही. ज्याला काम येते त्याने कुठेही जाऊन ते करावे. प्रश्न वेगळाच आहे. हा माणूस भारतात येतो तेव्हा त्याला कोणता भारत दाखवला जातो? कोण दाखवतो? आणि त्या भारतात तो स्वतः कोणत्या पायरीवर नेऊन बसवला जातो?

आधी कायद्याचे पाहू. परदेशी माणसाला भारतात नोकरी करायची तर रोजगार व्हिसा लागतो. त्यासाठी वर्षाला किमान सव्वासोळा लाख रुपये पगाराची अट आहे. विशिष्ट देशाचे पदार्थ करणारे आचारी, दुभाषे, वकिलातींचे कर्मचारी असे थोडे अपवाद सोडले, तर याहून कमी पगाराच्या गोऱ्या माणसाला सरकार कामासाठी आत घेत नाही. म्हणजे तो येतो तो वरच्या मजल्यावरच. आल्यावर भारतीय राज्यघटनेचे छत्र त्याच्यावर धरले जाते. कलम १५, १६ आणि १९ ही नागरिकांपुरती आहेत. पण कायद्यापुढील समानतेचे कलम १४ आणि जीविताच्या हक्काचे कलम २१ 'कोणत्याही व्यक्ती'साठी आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने चंद्रिमा दास खटल्यात, एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात, ही गोष्ट स्पष्ट केली.

हे छत्र साहेब लोक वापरतातही. २००८ पासून परदेशी कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी सक्तीचा झाला. आपल्या कामगाराची वर्गणी ठराविक पगारमर्यादेपर्यंत (खटल्याच्या वेळी ती १५,००० रुपये होती), तर त्यांची पूर्ण पगारावर, आणि पैसे परत मिळायचे ते साधारणपणे वयाच्या ५८ व्या वर्षी! तीन वर्षांसाठी आलेल्या माणसाला हे जाचक वाटणारच. प्रकरण कोर्टात गेले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कलम १४ चा आधार घेऊन ही तरतूद रद्द ठरवली. (२०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला, तो भाग वेगळा.) परक्या देशातून आलेल्या माणसाच्या पगारासाठीही बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेचे कलम उभे राहते. किती साहेबांना हे नाव ठाऊक असेल?

ठाऊक असण्याचे कारणच नाही. भारतात पाठवण्याआधी कंपन्या त्यांना शिकवून पाठवतात, मार्गदर्शक पुस्तके हातात देतात. नळाचे पाणी पिऊ नका. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका. भारतीय माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही, त्याची मान डोलली म्हणजे होकारच असे समजू नका. वरिष्ठाचा मान राखा. रस्त्यावरच्या गोंगाटाची आणि दिवाळीच्या सुट्ट्यांची तयारी ठेवा. हे सगळे ठीकच आहे. जातीविषयी मात्र बहुधा एखादा परिच्छेद असतो, तोही इतिहासाच्या प्रकरणात: प्राचीन पद्धत, कायद्याने बंद झालेली, शहरांतून नाहीशी होत चाललेली. वास्तविक कलम १७ ने नष्ट केली ती अस्पृश्यता. जात नष्ट केली असे राज्यघटनेत कुठेही लिहिलेले नाही. उरलेले शिक्षण साहेबाला मिळते ते कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून, त्यांच्या घरच्या जेवणावळीत. हे सहकारी बहुतेक कोणत्या समाजातले असतात, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. ते सांगतात, आता इथे जात कोण पाळतो? साहेबाला ते पटते. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे एकाच वर्तुळातले असले, की जात दिसणार तरी कशी?

घराचे बघा. कंपनीच्या नावाने करार होतो, भाडे वेळेवर येते. गोऱ्या भाडेकरूसाठी घरमालक पायघड्या घालतात. मांसाहाराची चौकशी कितीही कडक असली तरी साहेबाच्या स्वयंपाकघरात काय शिजते हे कोणी हुंगायला जात नाही. मात्र कातडी काळी असली, तर परदेशी असूनही हा पाहुणचार आटतो. २०१६ साली बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीवर आणि २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमाव तुटून पडला होता. आणि आमचा माणूस? २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाव दलित वा मुस्लिम निघाले की नकार, नाहीतर जाचक अटी, हे त्यात आकड्यांनिशी दिसते.

इथे १९१७ ची आठवण येणे अपरिहार्य आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनहून परतलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले. शिक्षणात ते त्या काळच्या कोणत्याही गोऱ्या साहेबाच्या तोडीस तोड होते. पण बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा दिला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. परदेशातून शिकून आलेल्या माणसाला भारतात राहणे आणि काम करणे कसे असते, याचा हा आमच्याकडचा पहिला मोठा अनुभव.

साहेबाच्या घरातल्या कामाकडे येऊ. युरोपात-अमेरिकेत हा माणूस आपले भांडे आपण घासतो, आपला संडास आपण धुतो. इथे महिन्याभरात त्याच्या घरी स्वयंपाकीण, धुणेभांडीवाली, झाडूवाली आणि चालक अशी चार माणसे होतात. स्वयंपाकीण संडासाला हात लावणार नाही, आणि संडास धुणारी ओट्याजवळ येणार नाही. सुरुवातीला साहेबीण चकित होते. मग कोणीतरी तिला समजावते की इथे प्रत्येकाचे काम वाटून दिलेले असते. ती मान डोलावते. (मान डोलवायलाही ती एव्हाना शिकलेली असते!) जातीत कामे वाटली जात नाहीत, माणसेच कप्प्याकप्प्यांत वाटून टाकली जातात, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उलगडून दाखवले. ते तिच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी आठ वाजता घडते, पण सांगायला कोणी नसते.

त्या झाडूवालीला सोसायटीत वेगळी लिफ्ट असते. तिला ना नेमणूकपत्र, ना भविष्यनिर्वाह निधी. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण घरकामगारांच्या हक्कांचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केलेला नाही. आणि सोसायटीची मैलाटाकी? २०१३ च्या कायद्याने माणूस गटारात उतरवणे गुन्हा आहे. तरी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ वाघोलीत एका गृहसंकुलाची टाकी साफ करताना कामगार गुदमरून मेले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. बाराव्या मजल्यावरून दिसणारा सूर्यास्त फार सुंदर असतो, पण त्या इमारतीच्या तळाशी कोण उतरतो हे तिथून दिसत नाही.

आता कचेरी. पाश्चात्त्य कंपन्यांचे 'विविधते'चे मोठे धोरण असते. त्यात स्त्रिया मोजतात, अपंग मोजतात, आणि ते योग्यच आहे. जात मोजत नाहीत. साहेबाला वाटते, इथे निवड निव्वळ गुणवत्तेवर होते. २००७ मध्ये थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी यावर प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना, सारख्याच शिक्षणाचे पण वेगवेगळ्या आडनावांचे ४,८०८ अर्ज पाठवले. दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दोन तृतीयांश, मुस्लिम नावाची एक तृतीयांश! त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. तिथे 'कौटुंबिक पार्श्वभूमी' हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. वडील काय करतात, घरी कोण कोण आहे. आमचा मुलगा या साध्या प्रश्नाला का अडखळतो, ते साहेबाला कळत नाही. शेजारी बसलेल्या देशी अधिकाऱ्याला चांगले कळते.

गंमत अशी की जातीची ओळख या कंपन्यांना त्यांच्याच देशात झाली. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर जातिभेदाच्या आरोपावरून खटला भरला. २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेले विधेयक मात्र गव्हर्नरने नाकारले. जात विमानात बसून तिकडे गेली म्हणून तिथे दिसली. इथे ती खुर्चीखालीच आहे.

साहेबाला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला विचारणारा कोणी नाही, हे खरे दुखणे आहे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत असे नव्हते. तिथे धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांसाठी १९७७ मध्ये रेव्हरंड लिऑन सुलिव्हान या कृष्णवर्णीय धर्मगुरूने तत्त्वे घालून दिली. जेवणघरे एक करा, समान कामाला समान वेतन द्या, काळ्यांना वरच्या जागा द्या. कंपन्यांना मायदेशी जाब द्यावा लागे. दहा वर्षांनी, हे पुरेसे नाही, आता तिथून बाहेर पडा, असे स्वतः सुलिव्हान यांनीच सांगितले. दक्षिण आशियातल्या परदेशी गुंतवणूकदारांसाठी अशीच तत्त्वे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दलित एकजूट जाळ्याने मांडली. त्यांचे नावच 'आंबेडकर तत्त्वे'. आमच्या किती कार्यकर्त्यांनी ती वाचली आहेत? २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून भारत सरकार झटले, याचा निषेध आम्ही अजून करतो. पण चाकण आणि हिंजवडीच्या फाटकावर ही तत्त्वे घेऊन जाणे आमच्या हातात होते, ते आम्ही केले नाही.

जर्मनीने २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू केला. सामाजिक उगमावरून नोकरीत होणारा भेदभाव त्यात येतो, आणि कंपनीचे परदेशातले काम व थेट पुरवठादारही येतात. पुढे तो सैल करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, कारण भांडवलदार तिथलाही हुशार आहे. तरी पुण्यात इतके जर्मन कारखाने असताना आमच्या एखाद्या संघटनेने या कायद्याचा मराठी अनुवाद करून कामगारांपर्यंत न्यायला काय हरकत आहे?

दुसऱ्या तऱ्हेचे पाश्चात्त्यही या मातीत येऊन गेले. नगरमध्ये मुलींना शिकवणाऱ्या अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांची शाळा तरुण जोतीरावांनी पाहिली होती. १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध सादर करणाऱ्या एलिनॉर झेलियट पुण्यात कोणाच्या घरी उतरत, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. गेल ऑम्व्हेट ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये त्याच मातीत विसावल्या. इंग्रज लोकमित्र १९७७ मध्ये नागपूरला आले आणि पुढे पुण्यात राहून धम्माच्या कामाला लागले. यांनाही पाणी बाधले असेल, उन्हाळा सोसला नसेल. पण भारत पाहायला ते आमच्या वस्तीत आले आणि भाषा शिकले.

प्रत्येक साहेब गेल ऑम्व्हेट होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण त्याच्याशी बोलायचे कोणी? आमची उच्चशिक्षित मुले आज याच कंपन्यांत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यातली अनेक आडनाव झाकतात. १४ एप्रिलची रजा घेताना कारण 'घरगुती' लिहितात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे; बढतीच्या यादीवर सही कोणाची असते, हे त्यांना माहीत असते. म्हणून हे काम एकट्या मुलावर टाकू नये, संघटनांनी करावे.

साधनही तयार आहे. बडोद्याचा तो प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तिकेत लिहिला आहे. ती त्यांनी परदेशी वाचकाला समोर ठेवून लिहिली. अस्पृश्यता आहे हे परदेशी माणूस ऐकून असतो, पण ती जवळून न पाहिल्याने तिचा जाच त्याला कळत नाही, अशी त्यांची भूमिका होती; म्हणून त्यांनी व्याख्या न देता प्रसंग सांगितले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० मध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजीतच आहे, तासाभरात वाचून होते. येत्या १४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी पुस्तकांची दुकाने लागतील, तिथून कोरेगाव पार्क फार लांब नाही.