मोठी झाली की बघू

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो, डोंगरकड्याला. (पुण्यातल्या मित्रांसाठी: तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. हिल स्टेशन नाही!) चुलतभावाची सहा वर्षांची पोरगी न्हाऊन आली आणि केस पुसायला खाली वाकली. पाठीची उजवी बाजू चक्क वर आलेली. दिवाळीत ती एक खांदा पाडून उभी होती तेव्हा आम्ही सगळे, मी धरून, "नीट उभी राहा गं" एवढंच बोललो होतो.

वहिनी म्हणाली, "दाखवलंय भाऊजी. डॉक्टर म्हनले लहान हाय, मोठी झाली की ऑपरेशन करू." एक्सरे? नाही काढला.

माझं भांडण या वाक्याशी आहे. ऐकायला किती समजूतदार वाटतं! पण सहा वर्षांच्या लेकराचा कणा थांबून राहत नाही. ते वाढतं तसा बाकही वाढू शकतो, बरगड्या पिळवटतात आणि फुफ्फुसांना जागा उरत नाही. नेमकी हीच वर्षं फुफ्फुसं वाढायची असतात.

बरं, लगेच सगळे मणके जोडून टाकले तर? मग बाक थांबतो, पण तेवढ्या भागाची उंचीही थांबते आणि छाती लहानच राहते. म्हणून वाढत्या सळ्या निघाल्या. वर आणि खाली स्क्रूने पकडायचं, मधला कणा मोकळा सोडायचा आणि साधारण दर सहा महिन्यांनी छोटं ऑपरेशन करून सळई लांबवायची. चुंबकाच्या सळईत हे बाहेरून, न कापता होतं. अमेरिकेत तिला २०१४ साली मान्यता मिळाली. चमत्कार वगैरे नाही हं, धातू झिजल्याच्या तक्रारींमुळे २०२० मध्ये ब्रिटनमध्ये तिचा पुरवठा थांबवला होता. आणि सळई कुठलीही असो, ऑपरेशन शेवटी ऑपरेशनच.

खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. लंडनच्या डॉ. मिन मेहता यांनी २००५ साली १३६ बाळांचा हिशोब मांडला. सरासरी एक वर्ष सात महिन्यांच्या वयात आलेल्या ९४ बाळांचा कणा नुसत्या प्लास्टरने सरळ झाला. उरलेली ४२ सरासरी अडीच वर्षांची होऊन आली, त्यांचा बाक फक्त कमी करता आला. फरक किती? अकरा महिने! आमच्या धंद्यात बग जितका उशिरा सापडतो तितका महाग पडतो. इथे ते बिल लेकराच्या पाठीवर फाटतं.

आता सरकार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, ३० आजारांची यादी. यादीत वाकडं पाऊल आहे, दुभंगलेला ओठ आहे, वाकडा कणा नाही. का नाही? तपासायला यंत्र लागत नाही. शर्ट काढा, पाय जुळवा, पुढे वाका, मागून बघा. ही चाचणी १८६५ सालची आहे. लेकरामागे अर्धा मिनिट.

कोणी म्हणेल, सरसकट तपासणीच्या फायद्याला पुरेसा पुरावा नाही असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच तज्ज्ञांनी सांगितलंय. बरोबर, पण ते १० ते १८ वर्षांच्या मुलांबद्दल होतं. शिवाय तिथल्या लेकराला बहुधा ठरलेला बालरोगतज्ज्ञ असतो. आमच्याकडे वर्षातून एकदा येणारी ती गाडी हाच बालरोगतज्ज्ञ. पथकात दोन डॉक्टर असतात, गाडी असते, शाळेत रांगही लागते. फक्त "वाक बाळा" म्हणायचं राहतं.

असो. सोमवारी भाऊ पोरीला घेऊन पुण्याला येतोय. उभं करून पूर्ण कण्याचा एक्सरे पहिल्यांदाच निघेल. दिवाळीपासून बाक किती अंशांनी वाढला ते कळणार नाही, कारण तेव्हाचा एक्सरेच नाही.