दप्तरात पाना हवा

दिवाळीनंतरची गोष्ट. एका वस्तीवरची बचत गटाची बैठक आटोपून मी फुलंब्रीला परत येत होते. दिवेलागणीची वेळ. समोरून नववीतली एक मुलगी सायकल हातानं ढकलत येताना दिसली. मागचं चाक पार बसलेलं.

"काकू, सराटा घुसला. फाट्यावरचं दुकान बंद होतं."

शाळा सुटून तिला दीड तास झाला होता. मी तिच्यासोबत घरापर्यंत गेले. आई दारातच उभी, चेहरा उतरलेला. लेकीला पाहिल्यावर पहिलं वाक्य निघालं, "बस झाली आता शाळा!"

एका सराट्यापायी? मला रात्रभर झोप नाही.

मानव विकास कार्यक्रमातून २०११ पासून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत हवं. २०२२ मध्ये सायकलीची रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. चांगलंच झालं. पण सायकल दिली म्हणजे सगळं दिलं, असं आपण धरून चालतो. आपल्याकडचे रस्ते म्हणजे सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे. त्या मुलीच्या दप्तरात कंपासपेटी होती, डबा होता, पाण्याची बाटली होती. पंक्चर काढायचं सामान नव्हतं. असतं तरी तिला ते काढता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही!

मग गल्लीतल्या सायकलवाल्या दादांकडे जाऊन शिकले. सामान ते केवढं? टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, पॉलिश पेपरचा तुकडा, सोल्युशनची ट्यूब, चार ठिगळं, एक पाना आणि व्हॉल्व्हवर चढवायची बोटभर रबरी नळी. पुष्कळदा पंक्चर नसतंच, ती नळीच फाटलेली असते. सगळं शेवयांच्या छोट्या डब्यात मावतं. पंप तेवढा मोठा, तर चार-पाच मैत्रिणी मिळून एक न्यावा.

चाक काढावं लागत नाही. एका बाजूनं टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढायची. पाणी नसेल तर ट्यूब गालाजवळ धरायची, हवा लागते. छिद्राभोवती घासायचं, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. इथे सगळ्यांची घाई होते. ते सुकल्याशिवाय ठिगळ धरत नाही. आणि टायरच्या आतून जपून बोट फिरवून काटा काढायचा, नाहीतर तोच पुन्हा टोचतो. कुकरची रिंग बदलणाऱ्या, फाटक्या गोधडीला ठिगळ लावणाऱ्या आपण, यात अवघड काय आहे?

"पोरीच्या हातात पाना?" असं एक आजोबा म्हणालेच. मागे तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या काही वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, तेव्हा त्यांनाही लोक हसलेच होते. कलेक्टर शीला राणी चुंकत पाठीशी होत्या म्हणून बरं. आपल्या शाळांनी कार्यानुभवाच्या दोन तासिका यासाठी दिल्या तरी काम होईल. कागदी फुलं काय, कधीही करता येतील.

काही जणी म्हणतात, भावाला सोबत पाठवावं. पहिल्यांदा माझ्याही मनात हेच आलं होतं, लपवत नाही. पण भाऊ रोज कुठून येणार? आणि तो नसला की शाळा बुडणार.

म्हणून यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लॅस्टिकच्या वाट्या आणणार नाही. वाण म्हणून पंक्चरच्या सामानाच्या डब्या. जाऊबाई हसल्या, "कुंकू लावून पाना देणार?" देणार! त्या मुलीच्या आईला बोलावणं गेलंय. मुलगी शाळेत जातेय, पण आईचा जीव अजून टांगणीलाच असतो. तिचा निरोप आला, "येते, पण आधी चेन कशी बसवतात ते मला दाखवा."