संत्र्याचा खुंट आणि जनुकपरीक्षा

संत्र्याची पन्हेरी विकत घेतांना आपण काय पाहतों? कलमाची उंची, पानांचा तजेला, डोळा जमिनीपासून किती वर भरला आहे, आणि भाव. परंतु झाडाचा जो भाग पुढें वर्षानुवर्षें जमिनींत राहून साऱ्या बागेचें पोषण करावयाचा, तो खुंट कोणत्या जातीचा आहे हें आपण केवळ विचारून घेतों. विक्रेता सांगेल तें खरें. गव्हाचें बीं फसवें निघालें तर एक हंगाम जातो. संत्र्याच्या बाबतींत चूक उघडकीस येण्यास सहा-सात वर्षें लागतात, आणि तोंपर्यंत विहीर, खत, मजुरी यांत गेलेला पैसा कोणी परत देत नाहीं.

मी हें ऐकीव सांगत नाहीं. काटोल तालुक्यांतील माझ्या बागेंत २०११ सालीं तीन एकरांत वीस-वीस फुटांवर सुमारें सव्वातीनशें कलमें लाविलीं. खालची पट्टी भारी काळी, पावसाळ्यांत पाणी धरून ठेवणारी; म्हणून मुद्दाम रंगपूर लाइमच्या खुंटावरील कलमें मागितलीं होतीं, व तशींच आहेत असें मला सांगण्यांत आलें. सातव्या पावसाळ्यांत त्या पट्टींतील झाडें पिवळीं पडूं लागलीं, बुंध्यांतून डिंक गळूं लागला, आणि कांहीं झाडें वाळलीं. त्यांपैकीं एका झाडाच्या कलमजोडाखालून फुटवा आला होता. तो छाटावयाचा राहून गेला. पुढें त्यालाच फळें धरलीं. तीं लिंबासारखीं पिवळीं, जाड व खरबरीत सालीचीं निघालीं. रंगपूर लाइमचें फळ संत्र्यासारखें नारिंगी असतें, हें बागाईतदारांस सांगावयास नको. ती जंबेरी होती. विक्रेत्यानें “एखाददुसरें रोप चुकून येतें” असें उत्तर दिलें. सव्वातीनशेंपैकीं किती चुकून आलीं, हें दाखविण्यास माझ्याजवळ कांहींच नव्हतें.

जंबेरी वाईट, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. निचऱ्याच्या जमिनींत तिच्यावरील झाड जोमानें वाढतें. परंतु मूळकूज व डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीपुढें ती टिकाव धरीत नाहीं; रंगपूर लाइम त्या मानानें काटक, आणि पाण्याची ओढही अधिक सोसणारें. जमीन पाहून खुंट निवडावा, हें सर्वजण सांगतात. पण निवडलेला खुंटच हातीं पडला कीं नाहीं हें कळत नसेल, तर त्या निवडीला अर्थ काय?

या दोन खुंटांची कोंवळीं रोपें ओळखणें जाणत्या माळ्यासही सोपें नाहीं, आणि वर संत्र्याचा डोळा भरल्यावर तर ओळखण्यास पानही उरत नाहीं. दोघांचें घराणेंही जवळचें. लिंबूवर्गीय झाडांच्या संपूर्ण जनुकसंचांचें जें संशोधन २०१८ सालीं प्रसिद्ध झालें, त्यावरून हे दोन्ही खुंट संत्रावर्गीय झाड व महाळुंग यांच्या संकरांतूनच निपजले असल्याचें दिसून आलें. तथापि डोळ्यास न दिसणारा भेद जनुकपरीक्षेस दिसतो. प्रत्येक जातीच्या डीएनएमध्यें कांहीं ठिकाणीं अक्षरांची लहानशी जुळणी पुनःपुन्हां येते. ती किती वेळां येते हें जातीजातींत निरनिराळें असतें. अशीं दहा-पंधरा ठिकाणें तपासलीं म्हणजे जातीचा जणूं अंगठाच हातीं येतो. मात्र अंगठा जुळविण्यास पूर्वींचा नोंदलेला अंगठा लागतो. तसेंच येथेंही खात्रीच्या झाडांचे नमुने प्रयोगशाळेंत अगोदर असले पाहिजेत.

नमुना काढण्याविषयीं एक सूचना. कलम म्हणजे एकावर एक बसविलेलीं दोन झाडें. वरचें पान पाठविलें तर उत्तर संत्र्याविषयींच मिळेल, खुंटाविषयीं नाहीं. कलमजोडाच्या खालची थोडी साल, तेथील फुटव्याचें पान किंवा बारीक मूळ पाठवावें.

दुसरा उपयोग बियांच्या बाबतींत आहे. जंबेरीच्या एका बींतून अनेकदां दोन-तीन रोपें निघतात. त्यांतील बहुतेक आईच्याच अंगापासून झालेलीं, म्हणून हुबेहूब आईसारखीं असतात. एखादें मात्र परागसंयोगानें झालेलें, वेगळ्या गुणाचें असतें. चांगला पन्हेरीवाला तीं विजोड रोपें उपटून टाकितो, पण आकारावरून सगळींच ओळखूं येत नाहींत. जनुकपरीक्षेंत तीं सांपडतात.

आतां या परीक्षेचें स्तोमही नको. फांदीवर आपोआप झालेल्या बदलांतून जे वाण निपजतात (कमी बियांचे संत्रे पुष्कळदां असेच असतात) ते नेहमींच्या परीक्षेंत मूळ वाणासारखेच दिसण्याचा संभव फार. तसेंच जात बरोबर असली म्हणजे झाड निरोगी असतें असेंही नव्हे. ग्रीनिंगची परीक्षा निराळी करावी लागते.

कित्येक बंधु म्हणतात, विश्वासू ठिकाणाहून कलमें घ्यावीं, परीक्षा कशाला? त्यांनीं ऑस्ट्रेलियांतील द्राक्षबागाईतदारांची हकीगत ऐकावी. तेथें अल्बारिन्यो या स्पॅनिश वाणाच्या नांवानें अनेकांनीं वेली लाविल्या, दारू काढून त्याच नांवानें विकली. वेलींचें मूळ साहित्य देशाच्या सरकारी संशोधन संस्थेमार्फत आलेलें, म्हणून कोणास संशय नव्हता. एका फ्रेंच द्राक्षतज्ज्ञास पाहतांक्षणीं शंका आली, आणि २००९ सालीं डीएनए परीक्षेनें त्या वेली सावान्यां या दुसऱ्याच वाणाच्या ठरल्या. फसविण्याचा हेतु कोणाचाही नव्हता. चूक मुळांतच झाली, व डोळ्यामागून डोळा काढीत ती देशभर गेली. शंका प्रथम माणसाच्या नजरेलाच आली, हेंही ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडे फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा १९६९ पासून आहे. परंतु परवाना म्हणजे जातीचा दाखला नव्हे. नागपुरी संत्र्यास २०१४ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. त्यानें फळाचें नांव राखलें गेलें, खुंटाविषयीं ती नोंद काय बोलणार?

प्रत्येक कलमाची परीक्षा करा, असें मी म्हणत नाहीं. तो खर्च कोणासच झेपणार नाहीं. ज्या झाडांपासून खुंटाचें बीं व संत्र्याचा डोळा घेतला जातो, त्या मातृवृक्षांची परीक्षा एकदां व्हावी, प्रत्येकास क्रमांक द्यावा, आणि विक्रीच्या पावतीवर तो क्रमांक असावा. पन्हेरीवाल्यावर हा बोजा फारसा नाहीं. एका मातृवृक्षापासून शेंकडों कलमें होतात. शिवाय खरेदीच्या वेळीं संघानें प्रत्येक वाफ्यांतून वाटेल तीं दहा कलमें उचलून तपासावीं. वाफ्यांत चौथा हिस्सा परजातीचा असेल, तर दहांत निदान एक तरी सांपडण्याचा संभव शंभरांत चौऱ्याण्णव आहे. दहावाच हिस्सा असेल तर तो पासष्टांवर येतो. तेव्हां जेथें संशय अधिक तेथें नमुने अधिक घ्यावे. दहा परीक्षांचा खर्च सव्वातीनशें कलमांवर वाटला, तर तो सात वर्षांच्या मजुरीपुढें कांहींच नाहीं.

लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्या नागपुरांतच, अमरावती मार्गावर, १९८५ पासून आहे. कृषि महाविद्यालय तर आमच्या रामदासपेठेपासून हांकेच्या अंतरावर. खात्रीच्या खुंटांचे नमुने नोंदवून शेतकऱ्यांच्या कलमांची परीक्षा ठराविक शुल्कानें करून द्यावी, अशी लेखी मागणी संघानें त्यांच्याकडे करावी. शेंदुरजना घाटच्या पन्हेरीवाल्यांसही चर्चेस बोलवावें. त्यांतील प्रामाणिकांचा यांत फायदाच आहे. येत्या वार्षिक सभेपुढें मी या आशयाचा ठराव मांडणार आहें. ज्या सभासदांच्या बागेंत असा प्रकार घडला असेल, त्यांनीं कलमें कोणत्या सालीं लाविलीं, जमीन कशी, व किती झाडें गेलीं, एवढें सभेपूर्वीं संघाच्या कचेरींत कळवावें.

— एक बागाईतदार सभासद, रामदासपेठ, नागपूर