तीनशे चौसष्ट दिवसांचा पोळा

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा असेल त्यांची पहिल्याच परिच्छेदात सोय होईल. जुनी मसल कार विकत घ्यायची, दुसऱ्याकडून चकाचक करवून घ्यायची आणि तापमान सांभाळलेल्या गॅरेजात कव्हराखाली झाकून ठेवायची, याला गाडीचं जतन म्हणत नाहीत. त्यात गाडीचं नुकसान आहे, आणि आपलंही.

हा विषय मंडळाच्या स्मरणिकेत कशाला, असं कुणी विचारेल. कारण डेट्रॉईट परिसरात या गाड्या आता आपल्या घरांतही आल्या आहेत. एम.एस. करायला दोन बॅगा घेऊन आलेली मंडळी स्थिरावली, मुलं कॉलेजला गेली, आणि ट्रॉय-नोव्हायच्या तिसऱ्या गॅरेजात एखादी मस्टँग किंवा जीटीओ येऊन बसली. आनंद आहे! पण पार्टीत त्या गाडीबद्दल कानावर काय पडतं? "नंबर्स मॅचिंग आहे बरं का", "पाच वर्षांत दुप्पट होईल". जणू गाडी नव्हे, शेअरच. पळते कशी, असं विचारावं तर उत्तर येतं, "छे हो, चालवत नाही. मैल वाढतात ना!"

मुळात या गाड्या जन्मल्या कुणासाठी? जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिअ‍ॅकच्या जॉन डीलोरियन आणि सहकाऱ्यांनी १९६४ च्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं इंजिन घातलं आणि नियमाला बगल द्यायला जीटीओ हे वेगळं मॉडेल न म्हणता 'ऑप्शन' म्हणून विकलं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या. पुढे १९६८ साली प्लिमथने रोड रनर काढली. हिशोब सरळ होता : तीन हजार डॉलरच्या आत वेगवान गाडी. किंमत २,८९६ डॉलरपासून सुरू. आत गालिच्याऐवजी रबरी मॅट, बसायला सलग बाकडं, पण बॉनेटखाली ३८३ घनइंचांचं, ३३५ अश्वशक्तीचं इंजिन. कार्टूनमधल्या पक्ष्याच्या नावासाठी वॉर्नर ब्रदर्सना ५० हजार डॉलर मोजले आणि हॉर्नही तसाच 'बीप बीप' वाजणारा दिला. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पोरांना परवडावी म्हणून केलेली ही गाडी. ती मखमली दोरीमागे ठेवणं म्हणजे कोल्हापुरी पायताण शोकेसमध्ये ठेवण्यासारखं आहे.

बरं, उभी ठेवल्याने ती टिकते म्हणावं, तर तेही नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, शिळं होतं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर जमतो. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून आतून गंज चढवतं. रबरी सील वाळतात, टायर एका जागी चपटे होतात आणि उंदीर वायरिंगचा फराळ करतात. "आम्ही महिन्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करतो" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे जळणातून तयार झालेलं पाणी मफलरमध्ये आणि ऑइलमध्ये तसंच राहतं. त्यापेक्षा वीस मैल चालवून आणा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असतं, तेव्हा ती घरात हवी हे मला मान्य आहे. पण मे ते ऑक्टोबर कसलं मीठ?

आता रिस्टोरेशनची गंमत पाहा. साठच्या दशकातल्या कारखान्यात रंगाचे ओघळ राहत, दरवाज्यांच्या फटी कमी-जास्त असत. आज आपण त्याच गाडीला आरशासारखा रंग देतो आणि वर 'ओरिजिनल' म्हणतो! याहून कमाल म्हणजे, असेंब्ली लाइनवरचा कामगार तपासणी झाल्यावर खडूने ज्या खुणा करायचा, त्यासुद्धा आता स्पर्धेतल्या परीक्षकांसाठी मुद्दाम काढल्या जातात. खुणा हुबेहूब आणि तपासणारा कुणीच नाही.

"पण किंमत पडते त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग १९७४ साली एका कुटुंबाने विकत घेतली. त्या घरातली शिक्षिका बाई ती घेऊन शाळेत जायची. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. पुढे ती बरीच वर्षं बंद होती हे खरं. पण जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली, कमिशन वेगळं, तेव्हा तिचे ओरखडे, गंज आणि विटलेला रंग सगळं तसंच होतं. चित्रपटाचं वलय होतंच, पण वापराच्या खुणांनी तिचा भाव पाडला नाही.

प्रदूषणाचा आक्षेप मात्र खरा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकन गाड्यांवर १९७५ च्या सुमारास आले, त्याआधीच्या गाड्या मैलामागे जास्त धूर सोडतात. ब्रेकही आजच्या मानाने यथातथाच. म्हणून कुणी त्या रोज ऑफिसला न्याव्यात असं मी म्हणत नाही. वर्षाला हजारभर मैल, जपून, पण चालवा.

खरा मुद्दा पुढेच आहे. प्लिमथ २००१ साली बंद झाली, पाँटिअ‍ॅक २०१० साली. कार्बोरेटर कानाने लावायचा कसा, पॉइंटमधली फट किती ठेवायची, हे आता ज्यांच्या हातात आहे त्यांतले बरेच जण सत्तरी-ऐंशीतले निवृत्त कामगार आहेत. ते आपल्या आसपासच राहतात आणि विचारलं तर आनंदाने शिकवतात. माझ्या रोड रनरचं इंजिन मूळचं नाही, त्यामुळे गुंतवणूकवाले तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पण अशाच एका आजोबांनी दोन शनिवार खर्चून मला तिचे पॉइंट लावायला शिकवले. मोबदला म्हणून त्यांनी फक्त चहा घेतला.

आपण मंडळी मात्र इंजिनियरिंगच्या दोन-दोन पदव्या भिंतीवर लावून ऑइल बदलायलाही माणूस शोधतो. हाताला ग्रीस लागणं आपल्याला कमीपणाचं कधीपासून वाटायला लागलं? ज्यांनी तिकडे चेतक आडवी करून सुरू केली, पॉलिश पेपरने प्लग घासला, तेच आज मुलांना सांगतात, "बेटा, डोंट टच, डॅडीची इन्व्हेस्टमेंट आहे." मुलाला रोबोटिक्सच्या क्लासला पैसे भरून पाठवतो, आणि घरातलं सगळ्यात सुंदर यंत्र त्याला हात लावू न देता झाकून ठेवतो. ही माझी खरी तक्रार आहे. आपल्यामागे ती गाडी मुलं विकून टाकतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. तिच्याशी त्यांची ओळख आपणच करून दिली नाही.

आपल्याकडे बैलाला पोळ्याच्या दिवशी सजवतात, ओवाळतात, पुरणपोळी खाऊ घालतात, कारण उरलेलं वर्षभर तो औताला असतो. आपण गाडीला तीनशे चौसष्ट दिवस पोळा करतो आणि औताला जुंपतो एक दिवस, तोही ट्रेलरवर चढवून. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. फर्नडेलमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या या जत्रेत हजारो गाड्या निघतात आणि तिथे नंबर्स मॅचिंग कुणी विचारत नाही. या वर्षी कव्हर काढा आणि या. येण्याआधी एखाद्या रविवारी मुलीच्या किंवा मुलाच्या हातात पाना द्या आणि प्लग काढायला लावा. आणि दसऱ्याला झेंडूचा हार जरूर घाला, पण आरती झाल्यावर किल्ली फिरवून वीस मैल चक्कर मारून या.