इंजिन दिसायला हुबेहूब हवं की धावायला चोख?

या वेळचा विषय एका वाचक ताईंनी दिला आहे. त्या आमच्याच शिवाजीनगरच्या. (पुण्याचं नव्हे हं, बंगळुरूचं, रसेल मार्केटवालं!) त्यांचे सासरे रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. सोलापूर-वाडी पट्ट्यात त्यांनी कित्येक वर्षं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन चालवलं. आता त्यांना पंचाहत्तरावं लागतंय आणि घरच्यांना त्यांच्यासाठी मॉडेल रेल्वेचं इंजिन घ्यायचंय.

अडचण अशी की आजोबांना ते ‘माझ्या इंजिनासारखंच’ हवंय. नऊ वर्षांच्या नातवाला मात्र ते रोज शाळेतून आल्यावर रुळांवर पळवायचंय. पैसे एकाच इंजिनाचे आहेत. ताई विचारतात, ‘दिसणं बघू की धावणं?’

प्रश्न छोटा वाटतो, पण मॉडेल रेल्वेच्या छंदात जगभर याच गोष्टीवर वाद चालतात. चला, जरा हिशोब मांडून बघू.

शंभर टक्के खरं मॉडेल नसतंच

सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ स्केल. यात खरी वस्तू ८७ पट लहान होते. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी साधारण १७ मीटर, म्हणजे मॉडेल जेमतेम २० सेंटीमीटरचं. शोकेसच्या एका कप्प्यात आरामात बसेल.

आता रूळ बघा. एचओच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतं. हे माप युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलंय. आपलं ब्रॉडगेज आहे १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर उत्तर येतं. म्हणजे भारतीय इंजिनाचं कितीही सुंदर मॉडेल आणा, बाजारातल्या एचओ रुळांवर ते धावणार असेल तर त्याची चाकं खऱ्यापेक्षा जवळजवळच असणार.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचं गणित बरोबर जमतं. तिचं गेज ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि एन स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात सहज मिळतात! कुर्डुवाडी-बार्शीच्या छोट्या गाडीला जे साधतं, ते मोठ्या मेल गाडीला साधत नाही.

वळणाचं तर विचारूच नका. आपल्या ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. ८७ ने भागली तरी ती २ मीटर होते. म्हणजे खऱ्यासारखा गोल रूळमार्ग टाकायला ४ मीटर रुंदीची मोकळी खोली हवी. आमच्या शिवाजीनगरातल्या घरांत तेवढ्या जागेत हॉल, स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची गादी असते! म्हणून घरगुती सेटमध्ये साधारण ४५ सेंटीमीटर त्रिज्येचं वळण देतात, खऱ्याच्या चौपटीहूनही तीव्र.

अशा वळणावर इंजिन वळायचं तर बोगीला इकडेतिकडे फिरायला जागा लागते. मग मॉडेल बनवणारे पायऱ्या आखूड करतात, खालचे पाइप गाळतात किंवा बोगी आणि बॉडीमध्ये जास्त फट ठेवतात. यात आळस नसतो. ते सगळं जसंच्या तसं ठेवलं तर इंजिन पहिल्याच वळणावर अडकेल.

खरी इंजिनंही तडजोड करतात

हे फक्त मॉडेलचं दुखणं नाही. बोरघाटात मालगाड्या ओढायला ब्रिटिश काळात डब्ल्यूसीजी-१ ही विजेवरची इंजिनं आणली होती. रेल्वेतली माणसं त्यांना ‘खेकडा’ म्हणायची. घाटाची वळणं घेता यावीत म्हणून त्यांचं धड एकसंध न ठेवता सांधे असलेलं केलं होतं. दिसायला विचित्र, पण घाटात कामाची. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

उभं राहणं वेगळं, धावणं वेगळं

आमच्यापासून जवळचं उदाहरण म्हणजे मैसूरचं रेल्वे संग्रहालय, १९७९ साली सुरू झालेलं. तिथली वाफेची इंजिनं अस्सल आहेत, पण जागची हलत नाहीत. मुलांना फेरी मारणारी छोटी गाडी कुठल्याच खऱ्या गाडीसारखी दिसत नाही, तरी मुलं धावतात तिच्याकडेच.

दुसरं टोक बघायचं तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे एचओ स्केलचं अख्खं शहर आहे, दिवे आहेत, सिग्नल आहेत आणि त्यातून गाड्या धावतात. अशा ठिकाणी एखाद्या इंजिनाचा कठडा किती बारीक आहे हे कुणी मोजत बसत नाही. गाडी मध्येच थांबली तर मात्र सगळ्यांना कळतं.

धावणं चांगलं म्हणजे काय?

भरधाव पळणं म्हणजे चांगलं धावणं, हा मोठा गैरसमज आहे. खरी गाडी ताशी ११० किलोमीटरने जात असेल, तर एचओमध्ये तो वेग सेकंदाला ३५ सेंटीमीटर होतो. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला फक्त ३ सेंटीमीटर. स्वस्तातलं इंजिन वेगात बरं वाटतं, हळू चालवलं की अडखळतं. म्हणून दुकानात नेहमी हळू चालवून बघा. या गोष्टी तपासा:

• किती चाकं रुळांतून वीज घेतात? जितकी जास्त, तितकं अडखळणं कमी.
• किती चाकांना मोटरची ताकद मिळते?
• आत फ्लायव्हील आहे का? असेल तर सुरू होताना आणि थांबताना झटका बसत नाही.
• वजन पुरेसं आहे का? डब्ल्यूडीएम-२ चं खरं वजन सुमारे ११३ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ ने कमी केल्यावर हिशोबाने उरतं जेमतेम १७० ग्रॅम. इतक्या हलक्या इंजिनाची पकड कमी पडते, म्हणून चांगल्या मॉडेलमध्ये धातूचं जास्तीचं वजन घालतात. इथे ‘अचूक’ वजन चुकीचं ठरतं!
• चाकांना रबरी कडी आहेत का? त्यांनी ओढ वाढते, पण त्या चाकांतून वीज मिळत नाही.

मग ताईंनी काय करावं?

माझं मत धावण्याच्या बाजूने आहे, आणि तेही आजोबांसाठीच.

ज्या माणसाने आयुष्यभर इंजिन चालवलंय, त्याच्या हातात ते बसलेलं असतं. गाडी हळूच निघते, एकेक जोड ताणला जातो, मग वेग येतो. मॉडेल झटक्याने उडी मारून सुटलं तर रंग कितीही अचूक असला तरी आजोबा म्हणतील, ‘छे, असं नसतं ते.’ चालणं खऱ्यासारखं असणं हीसुद्धा अचूकताच आहे.

दुसरं कारण पैशांचं. रूप नंतर सुधारता येतं. रंग देता येतो, नंबर रंगवता येतो, कठडे बसवता येतात. मोटर आणि गिअर वाईट निघाले तर घरी काही करता येत नाही. शिवाय खूप बारीक काम केलेलं इंजिन नऊ वर्षांच्या हातात आठवडाभर टिकलं तरी पुष्कळ.

डब्ल्यूडीएम-२ मूळचं अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. १९६२ मध्ये ते भारतात आलं, मग १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. त्यामुळे भारतीय मॉडेल मिळालं नाही, तर अल्कोच्या सहा आसांच्या इंजिनाचं चांगलं चालणारं मॉडेल शोधा. ते तंतोतंत तेच नसेल, पण घराणं एकच. बोगीतले तीन आस सारख्या अंतरावर नाहीत ना, एवढं बघून घ्या. ती अल्कोची खूण आहे आणि आजोबा ती नक्की तपासतील! रंग आणि नंबर आजोबा सांगतील, नातू ब्रश धरेल.

तुमचं घर वेगळं असेल तर

इंजिन फक्त काचेआड ठेवायचं असेल, तर निःसंकोच दिसण्यावर खर्च करा, मोटर नसली तरी चालेल. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी असेल तर कमर्शियल स्ट्रीटवरची सेलवर चालणारी गाडी पुरे. जागा अगदीच कमी असेल तर १६० पट लहान असलेलं एन स्केल बघा. त्यात कपाटाच्या वरसुद्धा छान स्टेशन उभं राहतं.

आणि दुकानदार चालवून दाखवायला तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.